एका माइकभोवती

"बाबा, मी शिंकले तेव्हा गात कोण होतं?"

प्रश्न जेवणाच्या टेबलावर धपकन पडला. बाबांचा चमचा वाटीतच थबकला. आईने आधी लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि मग पाण्याचा ग्लास उगाचच इकडचा तिकडे केला.

प्रश्न विचारणारीचं नाव हजेरीपटावर काहीही असो, घरात आणि वर्गात ती 'भोंगू'. जन्मली तेव्हा म्हणे एवढ्या जोरात रडली की डॉक्टरीणबाईंनी कानांत बोटं घातली. असं आई सांगते. त्यात खरं किती आणि तिखटमीठ किती ते आईलाच ठाऊक. मागच्या वर्षापर्यंत भोंगूला या नावाची भयंकर लाज वाटायची. कुणी हाक मारली की कानाच्या पाळ्या लाल. पण या वर्षी काय झालं कोण जाणे, सुट्टी संपवून ती शाळेत आली तीच मान ताठ करून. भोंगू तर भोंगू! वाजणाऱ्याने लाजायचं आणि गप्प बसणाऱ्याने मिरवायचं, हा कुठला न्याय?

आणि तरीही हा प्रश्न तिचा स्वतःचा नव्हताच. तो मैत्रिणींनी तिच्या गळ्यात बांधला होता.

त्याचं असं झालं. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात भोंगूने बाबांचं गाणं म्हटलं होतं, 'उतारावरची बस'. गाणं कंट्री. म्हणजे गिटार, बँजो, व्हायोलिनसारखं फिडल घेऊन म्हणतात ना तसलं, कुणीतरी निघून जातं, कुणीतरी वाट बघत राहतं आणि मध्ये एक लांबलचक रस्ता असतो. बाबांनी ते तरुणपणी आत्याबरोबर बसून रचलेलं. पण शाळेत वाजलं ते बाबांच्या स्टुडिओत नव्याने सजवलेलं. धडाम धडाम ड्रम, खालून गुरगुरणारा बेस, मध्येच टाळ्या, मध्येच "हे! हे!" ओरडणारी पोरं, जी प्रत्यक्षात कुठेच नव्हती. भोंगूने मोठी टोपी घातली होती, चामड्याची झालर लावलेलं जाकीट घातलं होतं, आणि ती अगदी रंगात आली होती. कडव्याच्या मधोमध, जिथे सूर सगळ्यात वर जातो तिथे, नेमकी स्टेजवरची धूळ नाकात गेली. आणि अशी सणसणीत शिंक आली की टोपी उडून पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकांच्या मांडीवर!

गाणं मात्र थांबलं नाही. भोंगू वाकून नाक धरून उभी होती, आणि भोंगूचाच आवाज हॉलभर मस्तपैकी वरचा सूर लावत होता.

हॉल हसला. असा हसला की बस्स.

"तुला दोन तोंडं आहेत का गं?" चष्मीने दुसऱ्या दिवशी डबा खाताना विचारलं. चष्मी म्हणजे वर्गातली सगळ्यात जाड काचांची आणि सगळ्यात बारीक नजरेची मुलगी. "एक शिंकतं, एक गातं. सोय चांगली आहे."

"बाबांना विचार ना," दुसरी म्हणाली. हिला सगळे 'शिडी' म्हणत, कारण फळ्याचा वरचा कोपरा पुसायला तिलाच बोलवत. "थेट विचार. जेवताना, आईसमोर. पण तू कसली विचारतेस, टरकतेस तू!"

"मी टरकते? मी?"

"विचारलंस तर वर्ष संपेपर्यंत खिडकीची जागा तुझी."

खिडकीची जागा म्हणजे काय चीज असते हे शाळेत जाणाऱ्यालाच कळेल. तर असा तो प्रश्न टेबलावर आला.

बाबांनी चमचा खाली ठेवला. "तूच गात होतीस."

"मी तर शिंकत होते."

"म्हणजे… आधीची तू."

"आधीची मी?"

"अगं, ट्रॅकमध्ये तुझा आवाज असतोच. स्टुडिओत घेतलेला. स्टेजवरचा माइक जरा कमी ठेवतात. सगळेच ठेवतात. अगदीच बंद नसतो काही, थोडा चालू असतो."

"थोडा म्हणजे किती?"

"शिंक ऐकू आली ना सगळ्यांना?"

आईच्या तोंडातलं पाणी नाकातून आलं. ती हसत हसत उठली आणि ओट्याशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. पण तिचे खांदे हलतच होते.

भोंगूला मात्र हसू येईना. पुढच्या शनिवारी नगरसभागृहात शाळांच्या गायन स्पर्धेची शेवटची फेरी होती आणि तिथवर ती पोचली होती, तीही अशाच ट्रॅकवर गाऊन. सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं. चष्मी आणि शिडी पाट्या रंगवून आणणार होत्या. आणि आता कळत होतं की तिथवर नक्की कोण पोचलंय, याचाच पत्ता नाही.

"दाखव मला," ती म्हणाली.

"काय?"

"मी कुठे आहे ते."

*

बाबांचा स्टुडिओ म्हणजे घराला लागून असलेली गाडीची जुनी खोली. गाडी बाहेर उन्हात उभी करायची आणि आत फोमचे तुकडे चिकटवून गाणी करायची, अशी वाटणी झालेली. एका कोपऱ्यात मात्र आईने आपला हक्क सोडला नव्हता. आई गाडी चालवायला शिकवायची, तिचे नारिंगी शंकू तिथे एकात एक घालून रचलेले असत. बाबा म्हणत, "या शंकूंमुळे आवाज घुमतो." आई म्हणे, "मग चांगलंच की, फुकटात घुमतोय."

भिंतीवर एक गिटार टांगलेली होती. तिला एकही तार नव्हती. भोंगूला आठवतं तेव्हापासून ती तशीच. लहानपणी तिला वाटायचं की गिटार अशीच असते, घड्याळासारखी, भिंतीवर लावायची वस्तू.

बाबांनी पडद्यावर गाणं उघडलं. रंगीबेरंगी पट्ट्या, एकाखाली एक. आणि एकदा दाखवायला बसले तसे ते खुलले. हे काम त्यांना फार आवडायचं, खोटं कशाला बोला.

"हे बघ, ही तू. 'उतारावर' हा शब्द चांगला आला होता तेव्हाचा हा. 'बस' दुसऱ्या वेळचा. इथे तू जरा खाली होतीस, ते वर ओढलंय. आणि हे सगळे श्वास काढून टाकलेत."

"श्वास काढून टाकले? मग मी जगले कशी?"

"बडबड नको. ऐक किती स्वच्छ झालंय."

स्वच्छ झालं होतं खरं. धुऊन, इस्त्री करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्यासारखं.

"आता काहीच न केलेलं ऐकव."

"ते कशाला?"

"ऐकव ना."

बाबांनी एकेक पट्टी बंद करत आणली. ड्रम गेले, बेस गेला, हे-हे करणारी पोरं गेली. उरली एकटी भोंगू. उघडी, बिनटोपीची. श्वास घेताना सुर्रकन आवाज करणारी. मधल्या ओळीवर तर शेवटचं अक्षर गिळून टाकणारी. आणि मग ती ओळ आली, 'वळणावरून एकदा मागे तरी बघ'. त्यातल्या 'मागे'वर सूर उंच जातो. तिथे तिचा आवाज मधोमध चिरला. खाली एक जाडसर आवाज, वर एक बारीक आवाज, आणि मध्ये जिना तुटावा तशी एक फट.

भोंगूच्या अंगावर काटा आला. लाजेचा की आणखी कशाचा, ते तिला कळलं नाही.

"बघ," बाबा हलकेच म्हणाले. "म्हणून दुरुस्त करावं लागतं. तू चांगलीच गातेस गं. पण समोर भरलेला हॉल असतो. लोक एकदा हसले ना, की ते हसू कानातून जात नाही. रविवारी संध्याकाळी ट्रॅक पाठवून देऊ आणि मोकळे होऊ. या वेळी माइक पूर्ण बंद ठेवायला सांगतो, म्हणजे शिंकेचीही भीती नाही."

बोलताना त्यांनी चुकून भिंतीवरच्या गिटारीकडे पाहिलं आणि झटकन नजर फिरवली. भोंगू भोंगा असली तरी आंधळी नव्हती.

*

खिडकीची जागा मिळाली. भोंगूने तिथे बसून मैत्रिणींना सगळं खरंखरं सांगून टाकलं, कारण पोटात ठेवायची तिला सवयच नव्हती.

शिडी चुकचुकली. चष्मीने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "मग शनिवारी कोण जाणार? तू, की आधीची तू?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाटीवर कुणाचं नाव रंगवू?"

झालं. दोन तास भूगोल झाला, पण भोंगूच्या डोक्यात एकही नदी शिरली नाही. शाळा सुटल्यावर घरचा रस्ता सोडून ती तडक आत्याच्या दवाखान्यात गेली.

आत्या दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडायला लावून स्वतः बोलत राहायचं, हा तिचा आवडता उद्योग. आणि रविवारी दुपारी पाववाल्या काकांच्या बेकरीत बँजो वाजवायचा, हा दुसरा. बाबांच्या स्टुडिओतल्या कंट्रीबद्दल तिचं मत सगळ्या घराला पाठ होतं: "टोपी कंट्रीची आणि पोट डिस्कोचं."

खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. आत्याने मास्कच्या वरून पाहिलं. "भोंगू? दात दुखतोय?"

"नाही. आवाज दुखतोय."

"तो माझ्या खात्यात येत नाही. बोल तरी."

भोंगूने शिंकेपासून फटीपर्यंत सगळं सांगितलं. गृहस्थांनी मध्येच "आँ?" केलं. त्यांनाही गोष्टीत रस आला असावा.

"तुम्ही आ मिटू नका," आत्या त्यांना म्हणाली आणि भोंगूकडे वळली. "'मागे'वर फुटतो? अगदी मधोमध?"

"हो. घाण वाटतं."

"कुणाला?"

 हे भोंगूने स्वतःला विचारलंच नव्हतं.

"रविवारी दुपारी बेकरीत ये. टोपी घरी ठेव."

"पण आत्या, बाबा चिडेल. ट्रॅक तर तयारच आहे."

"ट्रॅक तयार आहे, हे झालं त्याचं. तू तयार आहेस का, ते बघायला ये. आणि न आवडलं तर ट्रॅक कुठे पळून जात नाही." मग खुर्चीकडे बघून, "थुंका."

*

रविवारी आईनेच तिला सोडलं. आईच्या गाडीच्या टपावर शिकवणीची पाटी असायची आणि तिच्या पायांशी एक जादाचा ब्रेक, शिकणारा गांगरला तर दाबायला.

"बाबाला काय सांगितलंस?" आईने विचारलं.

"आत्याकडे जाते म्हणाले. खोटं नाही ते."

"खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. संध्याकाळी पुरतं सांग." आईने सिग्नलला गाडी थांबवली. "तो वाईट वागत नाहीये हं तुझ्याशी. माझ्यासारखंच करतोय. मीही शिकवताना पाय ब्रेकवर ठेवून बसते. पोरांना वाटतं, वा, काय गाडी थांबवली मी! थांबवलेली मी असते."

"मग त्यांना कधी कळतं?"

"परीक्षेच्या दिवशी. तेव्हा मी खाली उतरते आणि फुटपाथवर नखं खात उभी राहते." सिग्नल हिरवा झाला. "एकेकाची गाडी बंद पडते. भर चौकात. पण पुन्हा चालू करतात बाई, करतातच."

*

बेकरी रविवारी दुपारी बंद असायची. भट्टी निवत आलेली, भिंती अजून उबदार, हवेत पावाचा गोड करपट वास. पिठाची पोती एका बाजूला रचलेली. ट्रे टांगायच्या आकड्याला मधोमध एक माइक लोंबत होता. एकच.

त्याच्या भोवती तिघं उभी होती. आत्या बँजो घेऊन. पाववाले काका माणसाएवढ्या उभ्या बेसला मिठी मारून. बेकरी त्यांची, त्यामुळे सगळ्यात जड वाद्य हलवायला लागू नये म्हणून तेच वाजवायचं त्यांनी ठरवलेलं. आणि टपालबाई. दिवसभर सायकलवरून पत्रं वाटणाऱ्या या बाई फिडल वाजवायच्या तेव्हाही उतारावर असल्यासारख्या, ब्रेकच नाही. तिघांच्या गोलात एका ठिकाणी मोकळी जागा होती.

"इथे मी उभी राहू?" भोंगूने विचारलं.

"तिथे नको," पाववाले काका म्हणाले. "ती गिटारची."

"कुणाची गिटार?"

"तुझ्या बापाची," टपालबाईंनी सांगून टाकलं. "मोकळी ठेवायची सवय झाली. आणि भरली तर माझं कोपर कुणाच्या तरी बरगडीत जातं."

भोंगूने आत्याकडे पाहिलं. आत्या बँजोच्या खुंट्या पिळत होती. "जत्रेतला कार्यक्रम होता. दादाची एकट्याने वाजवायची पाळी आली, आम्ही सगळे मागे सरकलो, तो पुढे झाला, आणि तार तुटून सटकन गालावर बसली. लोक हसले. आम्हीही हसलो. तार तुटली की हसतातच गं, मग नवी लावतात आणि पुढे वाजवतात. त्याने उरलेल्याही काढून टाकल्या." तिने एक तार छेडून पाहिली. "चल, सुरू."

सुरुवात झाली. ड्रम नव्हते, तरी पाय आपोआप ताल धरू लागला. बँजो तिच्यापासून हातभर अंतरावर टणटणत होता. बेसचा प्रत्येक सूर जमिनीतून तळव्यांत शिरत होता. फिडलच्या तारेवर बोची काठी घासताना होणारी खरखरही ऐकू येत होती, आणि ती कुणीही पुसून टाकलेली नव्हती.

तिची ओळ आली. भोंगूने शाळेत करायची तेच केलं. पुढे झाली, माइक दोन्ही हातांनी पकडला, ओठ टेकवले आणि सुरू झाली.

तिन्ही वाद्यं एकदम थांबली.

"अगं, तो माइक आहे," टपालबाई म्हणाल्या. "आईस्क्रीम नव्हे."

"तू जवळ आलीस की आम्ही सगळे बुडालो," आत्याने समजावलं. "इथे आवाज कमी-जास्त करायचं बटण नाही. पाय हेच बटण. ज्याची पाळी तो पुढे, बाकीचे मागे. दुसऱ्याचं ऐकू येत नसेल तर तू फार पुढे आहेस. तुझं कुणालाच ऐकू येत नसेल तर फार मागे."

"आणि भोंगू म्हणतात ना तुला?" पाववाले काका म्हणाले. "मग हो मागे. आणखी. आणखी."

भोंगू मागे सरकत गेली. पाठ पिठाच्या पोत्यांना टेकली तेव्हा काका म्हणाले, "हां! इथून म्हण."

तिथून तिने आवाज सोडला. दाबला नाही, आवरला नाही, घरी म्हणतात तसं "हळू गं" कुणी म्हटलं नाही. आवाज खोली ओलांडून गेला आणि बरोबर बँजोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो जास्त झाला नाही. तिला एवढा आनंद झाला की पुढची ओळ ती विसरूनच गेली.

मग सुरू झाली खरी मेहनत. पुढे कधी यायचं, मागे कधी व्हायचं. ती चुकून उजवीकडे सरकली आणि टपालबाईंचा बो सरळ तिच्या कानात गेला. चुकून डावीकडे सरकली तर आत्याच्या पायावर पाय. "दाढ काढताना एवढं दुखत नाही कुणाला," आत्या कळवळली. एकदा भोंगू श्वास घ्यायला विसरली आणि ओळीच्या शेवटी फुग्यासारखी फुस्स झाली. एकदा सूर चुकला तेव्हा पाववाले काकांनी बेसवरून मान वर न करता सांगितलं, "हे मात्र बेसूर होतं हं. पुन्हा."

आणि मग 'मागे' आलं. आवाज वर चढला, चढला आणि चिरला. भोंगू थांबली. बाकीचे थांबले नाहीत. ते ओळ संपेपर्यंत वाजवत राहिले, तिच्यासाठी जागा ठेवून.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"फाटला ना आवाज! हेही बेसूरच."

"नाही. मघाशी होतं ते बेसूर," काका म्हणाले. "हे नाही."

"फरक काय?"

काकांनी डोकं खाजवलं, केसांना पीठ लागलं. टपालबाई पुढे झाल्या. त्यांनी फिडलवर तीच ओळ वाजवली, आणि 'मागे'च्या जागी बोट असं घसरवलं की सूर मध्येच मोडला आणि वर जाऊन सापडला. पाठीला मुंग्या आल्या भोंगूच्या. परवा स्टुडिओत आला होता तोच काटा. लाजेचा नव्हता तर तो!

"किती वर्षं घासतेय, तेव्हा एवढंसं निघतं," टपालबाई म्हणाल्या. "तुला गळ्यात फुकट मिळालंय, आणि तू रडतेस."

"बसमधल्या माणसाला हाक मारतेय ना गाण्यातली ती मुलगी?" आत्या म्हणाली. "अशा वेळी आवाज इस्त्री केलेला निघतो का कुणाचा?"

भोंगूने नाक पुसलं, पोत्यांपाशी गेली, पाय रोवले. "पुन्हा."

पुन्हा झालं. त्यानंतर आणखी पुन्हा. कधी फट मोठी पडली, कधी पडलीच नाही आणि मग ओळ कोरडी वाटली. कधी वरचा सूर हाताला लागलाच नाही, आणि ते खरंच वाईट होतं, आणि तसं तिला तोंडावर सांगितलं गेलं. भट्टी पार थंड झाली. शेवटी एकदा ती चिरेतून अशी पार झाली की खालचा आवाजही तिचा आणि वरचाही तिचाच. ओळ संपली. पाववाले काकांनी बेस भिंतीला टेकवला, एक पाव उचलला आणि तिच्या हातात दिला. बेकरीत याच्यापुढे बक्षीस नसतं.

निघताना भोंगूने त्या मोकळ्या जागेत एक पाय ठेवून पाहिला. खरंच, टपालबाईंचं कोपर बरगडीपर्यंत येत होतं.

*

ती घरी आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आई स्टुडिओच्या कोपऱ्यात शंकू मोजल्यासारखं करत होती, म्हणजे ती वाट बघत होती. बाबा पडद्यासमोर बसले होते.

"आलीस? बरं झालं. पाठवतोच आहे," ते म्हणाले. "शेवटी एक टाळ्यांचा तुकडा टाकलाय. ऐकतेस?" मग त्यांनी वळून पाहिलं. "हे पीठ कसलं अंगावर?"

"बेकरीतलं."

बाबांचा हात माऊसवरून खाली आला. त्यांना काय कळायचं ते कळलं. "दादागिरी चाललीय तुझ्या आत्याची. तिला म्हणावं, स्वतःच्या भाचीला भर हॉलमध्ये उघडं पाडू नकोस. तिला काय, दुसऱ्या दिवशी दवाखाना आहे. तुला शाळेत जायचंय. एवढ्या पोरांत."

"बाबा, मी दुपारभर फाटले. चारचौघांसमोर. काही झालं नाही."

"चौघं आणि हॉल यांत फरक असतो."

"असतो. म्हणून तर मी आत्ताच आधार धरून उभी आहे," भोंगू म्हणाली. आणि ते खरं होतं. तिने शंकूंच्या उतरंडीवर एक हात टेकवला होता. "पण लोक हसतील म्हणून तू म्हणतोस ना? ते हसून झालेत. मी न गाताच गाणं चालू राहिलं म्हणून हसले. आता हसले तर मी गाते म्हणून हसतील. त्याची मला लाज नाही वाटणार. त्या दिवसाची वाटते."

"मी तुझ्या भल्यासाठीच…"

"माहितीये. तुझा पाय ब्रेकवर आहे."

आईने एक शंकू उचलला आणि त्याच्या आड तोंड लपवलं.

"ते श्वास मला परत हवेत, बाबा. आणि ती फटही. ती माझी आहे, मी काही ती दुरुस्तीला दिली नव्हती. मला तुझं ते धडामधुडूम आवडत नाही. आवडायचं, टोपीही आवडायची, पण आज फिडलची खरखर ऐकली आणि संपलं. मला खरखर आवडते."

बाबा पडद्याकडे वळले. पडद्यावर रंगीत पट्ट्या गुण्यागोविंदाने झोपल्या होत्या. "स्पर्धेचे नियम असतात," ते म्हणाले. त्यात पूर्वीचा जोर नव्हता.

"विचारलेत मी. बेकरीतून निघताना फोन करून. ट्रॅक चालतो, वाद्यंही चालतात. माइक किती हवेत असं त्यांनी विचारलं, मी एक म्हटलं. त्यांना तीनदा सांगावं लागलं."

बाबांची नजर हळूच भिंतीवर गेली. या वेळी ती तिथून हलली नाही. "'मागे'च्या आधी गिटारचे दोन ठोके असतात," ते पुटपुटले. "ते नसले तर सूर सापडत नाही. आत्या बँजोवर देते का ते?"

"देते. पण जरा आधी देते."

"पूर्वीपासून तसंच करते. घाई!"

आईने शंकू खाली ठेवला. "मग? ठरलं काय?" तिने विचारलं. लेकीला विचारलं, नवऱ्याला नाही.

भोंगूने शंकूंवरचा हात काढला. कपड्यांवरचं पीठ झटकलं, ते सगळं बाबांच्या मशीनवर उडालं, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. घसा खाकरला, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"ट्रॅक पाठवायचा नाही. शनिवारी मी गाणार, आत्या, काका आणि टपालबाईंबरोबर, एका माइकभोवती. टोपीशिवाय. गोलात गिटारची जागा मोकळी आहे. बाबा, तारा लावून आलास तर तुझी, नाही आलास तर समोर आईशेजारी बसून नखं खा. आणि मध्येच मला शिंक आली, तर गाणं थांबेल. मी शिंकेन, नाक पुसेन, आणि पुढची ओळ मीच म्हणेन!"